पाकीट फोडलं तर सोनं कमी होतं का?

गेल्या आठवड्यात नाशिकहून भाचीचा फोन आला. तिला नात झाली आहे. बारशाला बाळाला पाच ग्रॅमचं सोन्याचं नाणं द्यायचं हे घरात ठरलेलं. अडलं होतं ते भलतीकडेच.

"मावशी, दुकानात दोन प्रकार आहेत. एक साध्या प्लॅस्टिकच्या कार्डात बंद केलेलं. दुसरं मखमली डबीत, वर रंगीत लक्ष्मी, सोबत जाड कागदाचं सर्टिफिकेट. वजन तेच, शुद्धता तीच. डबीवालं हजार रुपयांनी महाग आहे. पुढे कधी मोडायची वेळ आली तर डबीचे पैसे येतात का गं?"

मी म्हटलं, "नाही येत." फोन ठेवला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, आपण फार पटकन उत्तर दिलं. पेपर तपासताना मी मुलांना नेहमी सांगायचे, नुसतं उत्तर लिहिलंत तर एक मार्क, रीत दाखवलीत तर तीन. तेव्हा मंडळी, आज रीत दाखवते. ही रीत मी पुस्तकातून शिकले नाही. कृष्णामाईने शिकवली.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सांगलीकरांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आमचं घर गावभागात. २००५ सालीही पाणी आलं होतं, त्यामुळे फार तर तेव्हाच्या खुणेपर्यंत येईल असा सगळ्यांचा अंदाज. मीही दोन साड्या, औषधं आणि पेन्शनचं पुस्तक पिशवीत घातलं आणि विश्रामबागेत नणंदेकडे गेले. सोनं कपाटातच राहिलं. कपाटाला कुलूप आहे ना, मग झालं! पाण्याला कुलूप कळत नाही, हे सत्तरीला टेकल्यावरही मला सुचलं नाही.

पाणी ओसरल्यावर घरी गेलो तर खोल्यांतून घोटाभर गाळ. लोखंडी कपाटाचं दार फुगून अडकलेलं, ते पहारीने उघडावं लागलं. खालच्या कप्प्यात माझं सगळं "सोनंनाणं" होतं. ते किती आणि काय ते सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावरच आहे.

एक, सासूबाईंची गिनी. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेली, कापडी बटव्यात ठेवलेली. तिला पाकीट, कार्ड, सर्टिफिकेट असलं कधीच काही नव्हतं.

दोन, पाच-पाच ग्रॅमची दोन नाणी. मी २००९ साली निवृत्त झाले तेव्हा एका बँकेतून घेतलेली. जाड रंगीत पुठ्ठ्यावर नाणं ठेवून वरून प्लॅस्टिक चिकटवलेलं, आणि पुठ्ठ्याच्या पाठीमागेच शुद्धतेचा दाखला छापलेला. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव पंधरा-सोळा हजारांच्या घरात होता. बँकेने त्यावर बरेच जास्त लावले होते, पण "बँकेचं आहे, परदेशातून तपासून आलंय, सीलबंद आहे" या तीन शब्दांपुढे मी भाव विचारलाच नाही.

तीन, दहा ग्रॅमचं एक नाणं. मुलाने पुण्यातल्या एका मोठ्या पेढीतून पाडव्याला आणून दिलेलं. हे पूर्ण प्लॅस्टिकच्या कार्डात, सगळीकडून बंद.

आता पुराचा निकाल ऐका. बँकेच्या पुठ्ठ्यांचा लगदा झाला होता. प्लॅस्टिक सुटलेलं, नाण्यावर गाळ, आणि दाखला तर वाचताच येत नव्हता. पुण्याच्या कार्डावर चिखलाचा थर होता, पण आत थेंबही गेला नव्हता. बटवा कुजल्यासारखा झालेला. बिलं एका फायलीत होती, त्यांचा एकच ओला गठ्ठा झाला होता.

मी बादलीत स्वच्छ पाणी घेतलं आणि गिनी आणि ती दोन नाणी धुतली. हो, सांगायचं राहिलं, पुठ्ठा आधी पुरता फाडून टाकला. मुलाला फोनवर हे सांगितलं तर तो जवळजवळ ओरडलाच. "आई, पाकीट फोडलंस? अगं, आता ती कोण घेणार? सील होतं म्हणून त्याला किंमत होती!"

मला रागच आला. मी म्हटलं, "अरे, सोन्याला किंमत होती म्हणून सील होतं." पण खरं सांगते, बोलले तेवढी खात्री मला नव्हती. घराच्या भिंती ओल्या, फरशी उखडलेली, विजेचं सगळं वायरिंग नव्याने करायचं होतं. मुलाकडे मागायचं नव्हतं. त्याचं नुकतंच घराचं कर्ज सुरू झालं होतं. ही नाणी मोडूनच मला घर उभं करायचं होतं. खरंच त्यांची किंमत गेली असेल तर? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आधी बँकेत गेले. ज्यांनी विकलं तेच परत घेतील, असा माझा भाबडा हिशेब. तिथल्या अधिकाऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि नम्रपणे सांगितलं, की बँक आपण विकलेली नाणी परत विकत घेत नाही, रिझर्व्ह बँकेचे नियमच तसे आहेत. सील शाबूत असतं तरी घेतली नसती! म्हणजे दहा वर्षं मी जे सील फुलासारखं जपलं, त्याचा मान राखणारं कुणी नव्हतंच. ही गोष्ट विकताना त्यांनी सांगितली नाही, हे खरं. पण मीही विचारली नाही, हेही तितकंच खरं.

सांगलीच्या पेठाही पाण्यातून नुकत्याच वर येत होत्या, म्हणून मिरजेला एका सराफाकडे गेले. माझी त्याची ओळख ना पाळख. मी पिशवीतून धुतलेली नाणी काढली आणि चोरी केल्यासारखा चेहरा करून सांगायला लागले, "पाकीट होतं हो, पण पुरात..." त्याने ऐकूनही घेतलं नाही. नाणं मशीनमध्ये ठेवलं. हे मशीन क्ष-किरणांनी कस सांगतं, घासावं किंवा वितळवावं लागत नाही. आकडा आला ९९.९. मग काट्यावर ठेवलं. पाच ग्रॅम. त्या दिवशीचा भाव, त्यातून शेकडा दीड रुपयाची वजावट, खात्यात पैसे. अर्धा तास लागला नसेल.

आता पुण्याचं कार्ड काढलं. ते मात्र मी दिमाखात काढलं. हे बघा, सीलबंद! तो म्हणाला, "आजी, हे कापावं लागेल. आमच्याकडचं नाही ना हे. मशीनमध्ये नाणं लागतं, कार्ड नाही." दरही तोच, वजावटही तीच.

ते मी कापू दिलं नाही. मुलाने ते पुण्याला त्याच पेढीत नेलं. तिथे त्यांनी कार्ड तपासलं, आतलं नाणं बाहेर काढलं नाही, वजावट केली नाही, पूर्ण भाव दिला. बिल मागितलं, ते तर गाळात गेलेलं. पण मुलाच्या मोबाइल नंबरावरून त्यांच्या संगणकात नोंद सापडली. मिरजेपेक्षा साडेपाचशे-सहाशे रुपये जास्त मिळाले. (तेव्हा दहा ग्रॅमला अडतीस हजारांच्या आसपास भाव होता.)

गिनी मात्र मी मोडली नाही. नुसती काट्यावर ठेवून पाहिली. ७.९८ ग्रॅमला किंचित कमी. शंभर वर्षं हाताळून झिजली ती तेवढीच. सराफाने उलटसुलट करून पाहिलं आणि काच माझ्या हातात दिली. घोड्याच्या पायांखाली, १९१८ या सालाच्या वर, एक बारीक "आय" अक्षर आहे. म्हणजे ही गिनी विलायतेतली नव्हे, आपल्या मुंबईत पाडलेली! १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत या गिन्न्या पाडल्या गेल्या होत्या. इतकी वर्षं घरात असून आम्हाला पत्ता नव्हता. तिच्यावर कुठला दाखला चिकटवलेला नव्हता. जे काय सांगायचं ते तिच्या अंगावरच होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. नाणं ही वस्तू मुळात निघाली ती पाकिटाची गरज पडू नये म्हणून. धातूचा तुकडा घ्यायचा तर दर वेळी कस लावा, तोला. त्याऐवजी राजाने वजन आणि कस ठरवून वर आपला शिक्का मारला, की तो शिक्काच हमी. लोक कडेचं सोनं कातरायला लागले, तर टांकसाळींनी काठावर बारीक खाचा पाडल्या. कातरलं की लगेच दिसावं म्हणून. त्या खाचा हेच नाण्याचं सील! ब्रिटिश गिनी, दक्षिण आफ्रिकेचा १९६७ पासूनचा क्रुगरँड, ही नाणी जगभर अशीच उघडी हातोहात फिरतात. वजन ठरलेलं, व्यास ठरलेला, कस ठरलेला.

आपल्याकडे बँका आणि पेढ्या जे विकतात त्याला आपण नाणं म्हणतो, पण ते तसं नाणं नव्हे. त्यावर रुपयांत किंमत नसते, ते चलन नसतं. सोन्याची गोल चकती, वर त्या त्या विकणाऱ्याचा छाप. छापामागे राजा नाही, दुकान आहे. म्हणून हमीचं अर्धं ओझं नाण्यावरून उतरून कार्डावर आलं. आणि म्हणूनच त्या कार्डाची किंमत त्या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत असते, बाहेर नसते. पुण्याला सहाशे रुपये, मिरजेला शून्य. बँकेत तर विचारूच नका.

मी बोर्डाच्या परीक्षेला बरीच वर्षं केंद्रावर काम केलं आहे. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं यायची. मुलांना सील दाखवून, त्यांच्या सह्या घेऊन मगच फोडायची. त्या सीलचं महत्त्व मी कमी लेखणार नाही. वाटेत कुणी हात घातला नाही, एवढं ते ठामपणे सांगतं. पण आतला प्रश्न बरोबर छापला आहे की चुकीचा, हे सील सांगत नाही. आणि पेपर सुरू झाल्यावर ते पाकीट कुणी जपूनही ठेवत नाही. सोन्याच्या पाकिटाचंही तसंच आहे.

मुलाची बाजूही मांडायला हवी, नाहीतर तो म्हणेल आईने एकतर्फी लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की आजकाल नकली माल इतका सफाईदार असतो की पाकीटच बरं. टंगस्टन नावाच्या धातूची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३. म्हणजे टंगस्टनवर सोन्याचा जाड मुलामा दिला तर नुसत्या काट्याला फसवता येतं. क्ष-किरणांचं मशीनही पृष्ठभागापुरतंच पाहतं. हे सगळं बरोबर. मोठी लगड घेणाऱ्याला ही काळजी खरी आहे, आणि त्याने खात्रीच्या ठिकाणचा सीलबंद मालच घ्यावा. पण पाच-दहा ग्रॅमच्या पातळ चकतीत एवढा खटाटोप करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. शिवाय जो सोन्याची नक्कल करतो, त्याला छापील कार्डाची नक्कल काय अवघड? अनोळखी माणसाकडून "सीलबंद आहे" म्हणून स्वस्तात घेणं यासारखा दुसरा वेडेपणा नाही. सील बघायच्या आधी विकणारा बघावा. आपल्याकडे म्हणतातच, सोनं पाहावं कसून आणि माणूस पाहावं बसून.

मुलाचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. एक ग्रॅमचं नाणं एवढं पातळ आणि चिमुकलं असतं की कार्डातून काढलं तर टिकलीसारखं कुठेतरी हरवायचं. ते कार्डातच असू द्यावं. आणि हौशी संग्राहकांची गोष्टच वेगळी. अमेरिकेतला माझा पुतण्या आरशासारखी चकचकीत, खास पाडलेली नाणी जमवतो. त्यात डबी, दाखला, क्रमांक सगळ्याला मोल असतं. पण तो नाण्याचा छंद झाला. आपण बोलतोय ते सोन्याबद्दल, अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणून घेतलेल्या.

आता थोडं गणित. हिशेब सोपा व्हावा म्हणून ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. (खरा भाव २०२५ मध्येच याच्या पुढे गेला.) नाणं पाडणं आणि पाकीट मिळून समजा चारशे रुपये लावले. एक ग्रॅमच्या नाण्यावर ते झाले शेकडा चार. दहा ग्रॅमच्या नाण्यावर शेकडा अर्ध्याहूनही कमी. म्हणून दर गुरुपुष्याला एकेक ग्रॅमची दहा पाकिटं घेणाऱ्याने दहा पाकिटांचे पैसे दिलेले असतात. त्याला सोनं मिळतं दहाच ग्रॅम. वर सोन्यावर २०१७ पासून तीन टक्के जीएसटी आहेच, तोही मोडताना परत येत नाही.

आमच्या आईच्या वेळी लोक वेढणं घ्यायचे. शुद्ध सोन्याचा साधा वेढा, त्यावर पेढीचा छाप, आणि सराफ तो कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. पुडीचे पैसे कुणी मागत नसे, कुणी देत नसे.

भाचीच्या पाच ग्रॅमवर डबीचे हजार म्हणजे शेकडा दोन. तेवढ्या पैशांत जवळजवळ गुंजभर सोनं येतं. ती गुंज बाळाच्या नावावर जमा होऊ शकते, किंवा मखमलीत जाऊ शकते.

मग पाहायचं काय? माझ्या अनुभवाने तीन गोष्टी. पहिली, दाखला कागदावर नको, धातूवर हवा. दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांचा क्रमांक दागिन्यावरच कोरलेला असतो. तो मोबाइलवर बीआयएसच्या अ‍ॅपमध्ये तपासता येतो. हॉलमार्क केलेली नाणीही मिळतात. मागून घ्यावीत. दुसरी, विकत घेतानाच विचारावं, "तुम्ही हे परत घ्याल का? काय दराने? कार्ड उघडलं असेल तर किती कापाल?" हे विचारायला लाजू नये. मी लाजले, आणि दहा वर्षं पुठ्ठा जपत बसले. तिसरी, बिलाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवावा. पुराचं पाणी तिथवर पोचत नाही. कार्डाचं म्हणाल, तर जी पेढी परत घ्यायचं कबूल करते तिचं कार्ड बिनडोकपणे फोडू नये. एवढंच त्याचं मोल, आणि तेवढं मोल आहे हे मी मान्य करते.

हे सगळं मी भाचीला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मावशी, पटलं. पण बारशात चार माणसांपुढे साधं प्लॅस्टिकचं कार्ड द्यायला कसंतरी वाटतं गं." आता यावर काय बोलणार? तेही खरंच आहे. देणाऱ्याच्या हौसेलाही काही जागा हवी. मी म्हटलं, साधंच घे, मी डबी शिवून पाठवते.

आणि खरंच शिवली. पैठणीच्या जुन्या काठाचा छोटा बटवा, आत मऊ अस्तर. शिवताना हसू आलं. पुरात कुजलेला सासूबाईंचा बटवा टाकून दिल्यावर गिनीसाठीही मी पहिल्या आठवड्यातच नवा शिवला होता. घराचं प्लास्टर अजून व्हायचं होतं तेव्हा! म्हणजे एवढं सगळं लिहून शेवटी पाकीट मलाही लागतंच. फक्त ते सोन्याच्या भावात विकत घ्यायचं नाही, इतकंच माझं म्हणणं.

तुमच्या कपाटात अशी किती कार्डं पडून आहेत, आणि ती परत कोण घेणार हे तुम्ही विचारलं आहे का? नसेल तर उद्याच विचारा. पाऊस यायच्या आत.